जुन्या फियाटच्या मागच्या ट्रेमध्ये सबवूफर : पत्रा न कापता काम कसे करावे?

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी मुंबईच्या टॅक्सी धंद्यातून गेली, त्याला आता काही काळ लोटला. ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात काळी-पिवळी पद्मिनी अधिकृतपणे राहिली नाही. या गाडीवर ज्यांची दोन-दोन पिढ्या रोजी चालली असे कितीतरी मेस्त्री, टिंकर, सीटकव्हरवाले आणि वायरमन आपल्या समाजात आहेत. टॅक्सी गेली म्हणून हे हुन्नर वाया गेले, असे मात्र मानण्याचे कारण नाही. त्याच गाडीला आता वेगळा गिऱ्हाईक लाभला आहे. वडिलांची किंवा आजोबांची फियाट, अँबेसेडर घरात जपून ठेवणारा, रविवारी बाहेर काढणारा, रॅलीत नेणारा हा शौकीन माणूस आहे. तो कामाचे पैसे देतो, घासाघीस कमी करतो. पण काम बिघडले तर माफही करत नाही.

हा गिऱ्हाईक हल्ली एक काम हमखास सांगतो. मागच्या सीटच्या पाठीमागे, काचेखाली जो ट्रे असतो त्यात सबवूफर बसवून द्या, आणि आतून गाडी पूर्वीसारखीच दिसू द्या. काम छोटे वाटते. पण यात चार कारागिरांचा हात लागतो आणि चुकीच्या जागी एकदा करवत चालली की गाडीची किंमत कायमची उतरते. म्हणून या अंकात त्याची माहिती थोडी सविस्तर देत आहोत. (गाणे-बजावणे ऐकण्याच्या शरई बाजूबद्दल ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. त्याच यंत्रावर कुणी तिलावत ऐकतो, कुणी कव्वाली, कुणी क्रिकेटची कॉमेंट्री. येथे आपण कारागिरीपुरतेच बोलत आहोत.)

आधी कायद्याची बाजू पाहू, कारण खरी जोखीम तिथेच आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज मोटारींसाठी वेगळे नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी, खाजगी वापरातली दुचाकी वा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अशा गाडीला नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरे मिळतात आणि नोंदणी १० वर्षे चालते. ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांपुरतीच चालवता येते. यातली महत्त्वाची अट अशी की गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल केलेला नसावा. आता हिशेब करा. पद्मिनी हे नाव १९७४ साली आले. म्हणजे त्या सालच्या गाड्या २०२४ पासून पन्नाशी ओलांडू लागल्या, आणि पुढे दरवर्षी आणखी गाड्या त्या रांगेत येत जातील. १९६४ पासूनच्या ११०० डी, म्हणजे आपण ज्यांना 'डिलाईट' म्हणतो, त्या तर केव्हाच पात्र झाल्या.

सीटमागचा पत्रा आणि ट्रेखालचा पत्रा हे बॉडी शेलचेच भाग आहेत. फियाट आणि अँबेसेडर या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही; सगळे बळ बॉडीच्या पत्र्यातच आहे. मागच्या दोन चाकांमधली बॉडी जो पत्रा धरून ठेवतो, त्याला १० इंची भोक पाडले की एक तर बॉडी ढिली होते, दुसरे म्हणजे उद्या तपासणीत ती गाडी 'मूळ रूपात' आहे असे सांगता येत नाही. मालकाला हे ठाऊक नसेल तर त्याला सांगणे आपले काम आहे. तो म्हणाला की कापा, म्हणून आपण कापले, हे उत्तर धंद्यात चालत नाही. मालातला ऐब लपवून विकणे जसे नाजायज, तसेच कामाचा तोटा ठाऊक असून गप्प राहणेही. तेव्हा पहिला नियम हा की नवे भोक पत्र्याला पाडायचे नाही. गाडीला जी भोके मुळात आहेत किंवा पूर्वीच्या मालकाने ओव्हल स्पीकरसाठी ६ बाय ९ इंचाची जी पाडून ठेवली आहेत, त्यातूनच काम काढायचे.

आता सबवूफर ट्रेमध्येच का बसवतात, ते पाहू. स्पीकरचा कोन पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. मशिदीच्या हौदात पंजा पुढे लोटला तर पाणी बोटांच्या कडेने फिरून मागे येते, तसेच येथे होते. पुढची दाबलेली हवा कडेने मागे पळते आणि दोन्ही एकमेकींना मारून टाकतात. बारीक आवाजाला याचा फारसा त्रास होत नाही, पण बासचा खेळ वेगळा आहे. ५० हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. तिला १० इंची स्पीकरला वळसा घालणे काहीच अवघड नाही. म्हणून पुढची हवा आणि मागची हवा यांच्यामध्ये भिंत हवी. ट्रे ही ती भिंत. ट्रेच्या वर गाडीची केबिन, खाली डिकी. डिकी हाच स्पीकरचा डबा झाला.

येथेच बहुतेक कामे फसतात. भिंत फक्त ट्रेची नसते, सीटच्या पाठीचीही असते. जुन्या गाड्यांत सीटमागे पूर्ण पत्रा असेलच असे नाही. मोठमोठे फटके किंवा नुसता पुठ्ठा असतो. तिथून हवा केबिनमध्ये येत राहिली तर हजारोंचा सबवूफर आणूनही बास येत नाही आणि मालक म्हणतो की माल खराब दिला. म्हणून सीट बाहेर काढावी, डिकीत दिवा लावून झाकण बंद करावे आणि केबिनमधून पाहावे. जिथून उजेड दिसेल तिथून हवा जाते. त्या जागा ६ किंवा ९ मिमी प्लायच्या तुकड्यांनी, मध्ये फोम टेप घालून, बंद कराव्यात. पाना फिरवला की निघतील अशाच पद्धतीने ते बसवावे. वेल्डिंग करू नये.

सगळे सबवूफर अशा उघड्या कामाला चालत नाहीत. लाकडी डब्यासाठी बनवलेला सबवूफर डब्यातल्या बंद हवेच्या गादीवर विसावतो. डिकीएवढ्या मोकळ्या जागेत तो जोरात चालवला की कोन सैरावैरा धावतो आणि कॉइल ठोके देते. खरेदी करताना मालाबरोबरचा कागद मागावा. त्यात 'क्यूटीएस' नावाचा आकडा असतो. तो ०.६ किंवा त्याहून जास्त असेल तर हा स्पीकर ट्रेसाठी ठीक, ०.४ च्या आसपास असेल तर त्याला डबाच लागतो. ज्या दुकानदाराला हा कागद दाखवता येत नाही, त्याच्याकडून माल न घेतलेला बरा.

डब्याचा मार्गही वाईट नाही, उलट काही गाड्यांत तोच बरा. ८ इंची सबवूफरला साधारण १५ ते २० लिटरचा बंद डबा पुरतो, १० इंचीला २० ते ३० लिटर. असा डबा डिकीत ट्रेच्या खाली टेकवून, तोंड वर करून, जुन्या ओव्हल भोकाला फोमने चिकटवून बसवला की आवाज भोकातून केबिनमध्ये येतो. सीटमागच्या फटींची चिंता राहत नाही, गाडीला एकही नवा स्क्रू लागत नाही, आणि मालकाला सामान न्यायचे असेल तर डबा दहा मिनिटांत बाहेर निघतो. ज्याची गाडी खरोखरच व्हिंटेज नोंदणीच्या वाटेवर आहे त्याला आम्ही हाच सल्ला देऊ. पैसे थोडे कमी सुटतील, पण तो माणूस आणखी चार गिऱ्हाइके घेऊन येईल.

ट्रेमध्येच बसवायचे ठरले तर मूळ ट्रेचा पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड न मोडता बाहेर काढावा. त्यावरून साच्याचा कागद कापून १८ मिमी मरीन प्लायचा नवा ट्रे तयार करावा. एमडीएफ स्वस्त पडते आणि कापायला सोपे असते, पण पाणी लागले की फुगते. आणि जुन्या फियाटच्या मागच्या काचेचे रबर पावसाळ्यात गळत नाही, अशी गाडी विरळा. म्हणून काम हाती घेण्याआधी काचेवर पाइपने पाणी मारून पाहावे. रबर गळत असेल तर आधी रबर, मग स्पीकर. प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि कापलेल्या कडांना वॉर्निश द्यावे. सबवूफर स्क्रूने नव्हे, खालून टी-नट घालून बोल्टने आवळावा. ४-५ किलोचा लोखंडी गोळा प्रवाशांच्या मानेमागे बसवतो आहोत, ब्रेक जोरात लागला तर तो जागचा हलता कामा नये. ट्रे गाडीला धरायला मूळ ट्रेच्याच स्क्रूंची भोके आणि ओव्हल भोकांतून खाली घातलेल्या पट्ट्या वापराव्यात.

कोनाची कड फोमची असेल तर मागच्या काचेतून येणाऱ्या उन्हाने ती काही वर्षांत भुगा होते. रबराच्या कडेचा माल घ्यावा. वरून जाळी आणि तिच्यावर पातळ, हवा जाऊ देणारे कापड लावावे. रेक्झिन ताणून बसवलेले सुंदर दिसते खरे, पण त्याने आवाज कोंडतो. सीटकव्हरवाल्याला हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर तो आपल्या सवयीने रेक्झिनच लावणार.

आता विजेचे काम. येथे थोडे थांबू, कारण ट्रे वाकडा बसला तर फार तर गिऱ्हाईक रागावेल. तार चुकली तर गाडी पेटेल.

पहिल्यांदा मीटर लावून गाडीची अर्थ कोणती ते पाहावे. आपल्या फियाट निगेटिव्ह अर्थच्या आहेत. पण साठच्या दशकापर्यंतच्या कितीतरी ब्रिटिश गाड्यांची बॉडी पॉझिटिव्हला जोडलेली असते. तिथे सवयीने अँप्लिफायर लावला की तो जागच्या जागी जळतो. दुसरे, गाडीला डायनॅमो आहे की अल्टरनेटर? डायनॅमो म्हटले की साधारण २० अँपियरचा हिशेब धरावा, आणि तोही इंजिन फिरत असताना. सिग्नलला उभे राहिले की चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणू लागतो, म्हणजे सगळा भार बॅटरीवर. हेडलाइट, इग्निशन, वायपर, ब्रेकचे दिवे मिळून १२ ते १५ अँपियर तिथेच जातात. उरले ५-८. त्यात ३०० वॉटचा अँप्लिफायर घालणे म्हणजे रात्री परतताना गाडीला धक्का मारण्याची तयारी.

सुदैवाने एवढ्या ताकदीची गरजच नसते. जुन्या गाडीची केबिन छोटी आहे. क्लास डी प्रकारचा १०० वॉट आरएमएसचा अँप्लिफायर पुष्कळ झाला. तो साधारण ८० टक्के वीज कामाला लावतो, म्हणजे पूर्ण जोरावर १२५ वॉट, १३ व्होल्टला १० अँपियर खेचतो. पण गाणे सतत पूर्ण जोरावर नसते. सरासरी ३-४ अँपियर पडते. एवढे डायनॅमो सोसतो. याहून जास्त हवे असेल तर अल्टरनेटर बसवावा, मात्र जुना डायनॅमो आणि त्याचे ब्रॅकेट मालकाच्या हवाली करावे.

अँप्लिफायरच्या खोक्यावर १२०० वॉट, २००० वॉट असे छापलेले असते. त्यावर विश्वास ठेवू नका आणि गिऱ्हाइकालाही त्या आकड्यावर माल विकू नका. मागे फ्यूज किती अँपियरचा लावला आहे ते पाहा. फ्यूज २० अँपियरचा असेल तर २० गुणिले १३ म्हणजे २६० वॉटपेक्षा जास्त वीज आत जाऊच शकत नाही. बाहेर येणार १४० ते २०० वॉट, प्रकारानुसार. हा हिशेब काउंटरवर कागदावर करून दाखवला तर गिऱ्हाइकाचा तुमच्यावर भरवसा बसतो. लॅमिंग्टन रोडला माल घेताना तोच हिशेब तुम्हाला फसवणुकीतूनही वाचवील. तारेचेही तसेच. जाड, चकचकीत, स्वस्त तार बहुधा ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते. ब्लेडने एक तंतू खरवडावा. आतून पांढरा निघाला तर ती तार तांब्याच्या हिशेबाने चालणार नाही.

तारेची जाडी अंदाजाने घेऊ नये. बोनेटमधल्या बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर तार धरली आणि २.५ चौरस मिमीची तार घातली, तर २५ अँपियरला जवळजवळ ०.९ व्होल्ट तारेतच मरतो. ती वीज कुठे जाते? तार तापवण्यात. १० चौरस मिमी घेतली तर तोच तोटा ०.२ व्होल्टच्या आसपास येतो. वर सांगितलेल्या १०० वॉटच्या कामाला ६ चौरस मिमी तांब्याची तार पुरते आणि फ्यूज १५ अँपियरचा.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत असलाच पाहिजे. अँप्लिफायरजवळ फ्यूज आहे, मग इथे कशाला, असे शागीर्द विचारतात. त्याचे उत्तर असे की हा फ्यूज अँप्लिफायरसाठी नसून तारेसाठी आहे. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून तार जाते, तिथे पत्र्याची कड रोज थोडी थोडी घासत राहते. सहा महिन्यांनी प्लास्टिक सोलले, तार बॉडीला लागली, की बॅटरी शेकडो अँपियर ओतते. तार लाल होते, पुठ्ठा आणि सीटचा काथ्या पेटतो. म्हणून पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट, दाराच्या कडेने जाताना कंड्युट. काम सुरू करताना बॅटरीची अर्थची तार आधी सोडावी आणि शेवटी जोडावी. डिकीतली अर्थ बॉडीला लावताना रंग खरवडून चकचकीत पत्रा काढावा, दातेरी वॉशर घालावा, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा रंगाचा हात द्यावा. जमेल तर तिथे असलेलाच एखादा बोल्ट वापरावा. पण सीटबेल्टचा नको. पेट्रोलची टाकी कुठे आहे आणि तिची नळी कुठून जाते ते गाडीखाली झोपून पाहिल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नये.

आणि डिकीत सीएनजीचा सिलिंडर असेल तर काम सरळ नाकारावे. तिथे गॅस बाहेर जायला वाट मोकळी लागते, आणि आपण तर डिकी आणि केबिनमध्ये भिंत घालून आत विजेचे यंत्र ठेवणार. पैशांसाठी असला धोका कुणी घेऊ नये.

डॅशबोर्डवर मूळ रेडिओ असेल तर तो काढण्याची गरज नाही. स्पीकरच्या तारांवरून सिग्नल घेणारे अँप्लिफायर मिळतात. किंवा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर ग्लोव्ह बॉक्समध्ये लपवता येतो. सिग्नलची तार गाडीच्या एका बाजूने आणि विजेची जाड तार दुसऱ्या बाजूने न्यावी, नाहीतर इंजिनाची शीळ स्पीकरमध्ये ऐकू येते.

सगळे जोडल्यावर कटऑफ ८० हर्ट्झवर ठेवावा. त्याखालचाच आवाज सबवूफरकडे जावा. रेडिओ तीन चतुर्थांश आवाजावर लावून गेन हळूहळू वाढवावा, आवाज फाटू लागला की थोडा मागे घ्यावा. मग सबवूफरच्या दोन तारा उलट करून पाहाव्यात. ज्या जोडणीत ड्रायव्हरच्या सीटवर बसून बास भरदार लागतो, ती ठेवावी. खडखड ऐकू आली तर स्पीकरला दोष देण्याआधी नंबर प्लेट, डिकीचे झाकण, स्टेपनीचा नट आणि मागच्या काचेची पट्टी हाताने दाबून पाहावी. पन्नास वर्षांच्या गाडीत काहीतरी वाजणारच. डिकीच्या झाकणाला आतून डॅम्पिंग शीट लावल्याने निम्मी खडखड जाते, पण ती चिकटवण्यापूर्वी खालचा गंज साफ करून प्राइमर द्यावा. नाहीतर शीटच्या आड पत्रा खात राहील आणि कळणारही नाही.

चाचणी दुकानासमोर करताना शेजाऱ्यांचा विचार असू द्यावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र १० ते सकाळी ६ अशी धरली आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. बास भिंतीतून पलीकडे जातो; दुकानात कमी वाटला तरी वरच्या मजल्यावर भांडी हलतात.

अंदाजपत्रक नेहमी लेखी द्यावे. माल वेगळा, मजुरी वेगळी. सुतार, वायरमन आणि सीटकव्हरवाला यांचे हिस्से आधी ठरलेले असावेत, म्हणजे काम संपल्यावर आपसांत तोंडे वाकडी होत नाहीत. त्याच कागदावर एक ओळ जरूर लिहावी की गाडीच्या पत्र्याला नवे भोक पाडलेले नाही. कामापूर्वीचे आणि नंतरचे डिकीचे फोटो मोबाइलवर काढून मालकाला पाठवावेत. उद्या नोंदणीच्या वेळी ते त्याच्या उपयोगी पडतील. आठ-दहा दिवसांनी गाडी परत बोलवून बोल्ट एकदा पुन्हा आवळावेत, कारण फोम दबतो आणि ट्रे ढिला होतो. काढलेला मूळ पुठ्ठा, त्याचे स्क्रू आणि क्लिपा वर्तमानपत्रात गुंडाळून, गाडीचा नंबर लिहून, त्याच दिवशी मालकाच्या हातात द्याव्यात.